ओलीचा रकाना

दवाखान्यात हल्ली डॉक्टरांच्या आधी नर्सताईंचा कागद भेटतो. पोटभर खायला मिळतं का, घरात कुणाची भीती वाटते का, भिंतींना ओल आहे का. खोकला छातीत, आणि चौकशी भिंतीची! खोकणाऱ्या चिमणीला घेऊन आलेल्या तिच्या आईच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. कागदाच्या वरच ठळक छापलं होतं, 'माहिती संबंधित विभागाकडे पाठवली जाईल.'

ओल होती. चिमणी झोपायची त्याच भिंतीला काळी बुरशी धरली होती. कितीही पुसा, आठ दिवसांत पुन्हा हजर. पण खोली मोठ्या जाऊबाईंची. राहू देतात हे उपकार, आणि ते दिवसातून दोनदा ऐकवायच्या. विभागाचा माणूस दारात आला की जाऊबाई म्हणणार, आमच्या घराला नावं ठेवता? उचला गाठोडं. मग पोरीला घेऊन जायचं कुठे?

तिने सगळीकडे 'नाही' लिहून टाकलं.

नर्सताईंनी कागद पाहिला, मग चिमणीची फाईल चाळली. "चार महिने औषध चालू आहे, तरी धाप थांबत नाही. घरात तर काहीच नाही म्हणताय. म्हणजे डॉक्टर आता औषध वाढवणार. जोरकस असतं हो ते, भूक मरते पोरांची."

आईने चिमणीकडे पाहिलं. पोर आधीच मूठभर. शेजारी बसल्या बसल्या तिच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती.

"तो कागद द्या जरा इकडे." तिने ओलीच्या रकान्यातलं 'नाही' खोडून 'हो' लिहिलं. "लिहिलं बाई. आता जाऊबाईंकडे माणूस कधी येणार तेवढं सांगा, म्हणजे आधीच बांधाबांध करते."

"कुणी येत नाही हो. तुम्हाला विचारल्याशिवाय हा कागद या खोलीबाहेर जात नाही. औषध वाढवायचं थांबवायला सांगते डॉक्टरांना. पोरीचं अंथरूण आजच त्या भिंतीपासून हलवा, पुढचं आपण दोघी बघू."

"मग वर असं का छापलंय?"

नर्सताईंनी कागद फिरवून घेतला. महिनाभर हे कागद त्याच वाटत होत्या, पण वरची ओळ कधी वाचलीच नव्हती. सकाळपासूनचा गठ्ठा पुढे ओढून एकेक कागद उलटू लागल्या. नाही. नाही. सगळीकडे नाही.

बाहेर बाकावर अजून सातजणी खाली मान घालून लिहीत होत्या.