खिशात मावेल असं, भरवशाचं

वर्लन स्टिडम सकाळपासून तापलेला होता. ओलीटाने नाश्त्याला गरम, पावासारखी मऊ बिस्किटं आणि त्यावर सॉसेजची ग्रेव्ही केली होती. एरवी एवढ्यावर तो मान खाली घालून मुकाट खातो, पण आज काट्याने बिस्किटाचा चुरा करत त्याची टकळी चालूच होती.

"आज पिस्तूल घेतल्याशिवाय घरी येत नाही. हॉइटने पुन्हा काही कारण काढलं ना, तर त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही. सांगून ठेवतो."

"कोट घालून जा," ओलीटा म्हणाली.

"मी काय बोलतोय ते ऐकलंस का?"

"ऐकलं. गेल्या आठवड्यातही ऐकलं. बाहेर गारठा आहे, कोट घाल."

बायकोशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे वर्लनला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्याने कोट घातला. त्याचा पिकअप ट्रक गॅरेजमध्ये पडलेला, तोही कधीचा. मेकॅनिक म्हणे कुठल्याशा सुट्या भागाची वाट बघत होता. टेनेसीच्या या डोंगरात माणसाला ट्रक नसणं म्हणजे पाय नसण्यासारखंच, पण सध्या वर्लनच्या नशिबात सगळ्याच गोष्टींची वाट बघणं लिहिलेलं होतं. तो पायीच निघाला आणि सवयीने उजवा हात पँटच्या खिशात घातला. खिसा रिकामा होता.

खरं दुखणं हेच होतं. वर्लनने सगळी हयात वीज कंपनीच्या तारा ओढण्यात घालवली. वादळ झालं की रानावनात, लोकांच्या कुत्र्यांच्या आणि सापांच्या मधून, कुठल्या कुठल्या खांबावर चढायचं. तेव्हापासून उजव्या खिशात एक छोटं पिस्तूल कायम. किल्ल्या डाव्या खिशात, पाकीट मागे, पिस्तूल उजवीकडे. दुसरं काही त्या खिशात घालायचं नाही, साधा रुमालसुद्धा नाही. माणसावर ते रोखायची वेळ एकदाही आली नाही आणि याचाच त्याला अभिमान होता.

गावात कुणाला पिस्तूल घ्यायचं झालं की आधी वर्लनला विचारायचं, असा रिवाजच पडून गेला होता. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये तो नव्या शिकाऱ्यांचा वर्ग घ्यायचा आणि त्याचं प्रवचन सगळ्यांना पाठ होतं. दाबलं की दर वेळी उडलं पाहिजे आणि न दाबता कधीही उडता कामा नये. खिशात सहज राहिलं पाहिजे, नाहीतर तुम्ही ते गाडीत ठेवाल, कपाटात ठेवाल, आणि विसराल. दिसायला देखणं, हलकं, नव्या फॅशनचं, हे सगळं बायकोला सांगायला ठीक. घेताना फक्त भरवसा बघायचा. आता त्याच माणसाचा खिसा गेल्या ईस्टरपासून रिकामा होता. लोक हल्ली त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलतात, रस्ता ओलांडताना कोपराला धरतात, असं त्याला वाटू लागलं होतं. खिसा भरला की हे सगळं थांबेल आणि आपण पुन्हा पहिल्यासारखे होऊ, अशी त्याची पक्की खात्री होती.

आणि हॉइट लेडबेटर काही केल्या तो खिसा भरू देत नव्हता. हॉइटचं दुकान चौकातच, बंदुका आणि मासेमारीचं सामान. दोघांची मैत्री शाळेपासूनची. ईस्टरच्या सुमारास वर्लनचं जुनं पिस्तूल हॉइटने बघायला म्हणून ठेवून घेतलं आणि सांगितलं की याच्या सांगाड्याला तडा गेलाय, हे आता वापरायचं नाही. बरं, नाही तर नाही, नवं दे. तिथून जी टोलवाटोलवी सुरू झाली ती संपायचं नाव घेईना. पहिलं दाखवलं त्याची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, इतकी घट्ट की वर्लनला ती मागे ओढता येईना. दुसऱ्याचीही तीच गत. मग रिव्हॉल्व्हर बघितलं, तर त्याचा चाप दाबताना बोट दुखून आलं. एक मॉडेल कंपनीने परत मागवलं होतं. आणि जे वर्लनला मनापासून हवं होतं, ते छोटं, काळं, चपटं, ज्याची तो स्वतः चारचौघांत शिफारस करायचा, त्याचा माल म्हणे उन्हाळ्यानंतर आलाच नव्हता. हायवेवरच्या मोठ्या दुकानात जाईन अशी धमकी वर्लनने देऊन बघितली होती. पण जाणार कशाने? आणि हॉइटला सोडून दुसऱ्याकडून बंदूक घेणं त्याच्या जिवावर यायचं.

दुकानात शिरताच घंटी वाजली आणि हॉइटने वर बघितलं. त्याचा चेहरा पडला. वर्लनला ते दिसलं आणि त्याचं डोकं आणखीच फिरलं.

"आलास," हॉइट म्हणाला.

"आलो. आणि आज मला रडगाणं ऐकवायचं नाही."

काउंटरपाशी केंड्रा पोटीट उभी होती. ही घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना तपासणारी नर्स. सगळ्या खोऱ्यात एकटीच गाडी हाकत फिरायची. तिच्यासमोर मऊ कापडावर एक पिस्तूल ठेवलेलं होतं. छोटं, काळं, चपटं. वर्लन बघतच राहिला.

"मिस्टर वर्लन, बरं झालं तुम्ही भेटलात," केंड्रा म्हणाली. "हे तुम्हीच माझ्या बाबांना सुचवलं होतंत. खिशात ठेवायचं तर हेच घे, म्हणाला होतात. मी म्हटलं, मग मला दुसऱ्या कुणाला विचारायलाच नको."

"हे कधी आलं?" वर्लनने विचारलं. तो केंड्राकडे बघत नव्हता.

हॉइट काउंटर पुसायला लागला. काउंटर स्वच्छच होता.

"मी विचारतोय, हे कधी आलं?"

"असतात की हो यांच्याकडे," केंड्रा भाबडेपणाने म्हणाली. "मागे अजून दोन आहेत. मी त्यातलं निवडून घेतलं."

"हातात घेऊ का?" वर्लनने तिला विचारलं. तिने मान हलवली. त्याने ते उचललं, नळी भिंतीकडे केली, गोळ्यांचं मॅगझिन काढलेलं आहे ना ते बघितलं आणि स्लाइड मागे ओढली. लोण्यातून सुरी जावी तशी ती आली. आत गोळी नाही हे त्याने डोळ्यांनी बघितलं, बोट घालून बघितलं, मग पुन्हा एकदा स्लाइड ओढली. हाताला काही झालेलं नव्हतं. इतके महिने तो रोज रात्री रबराचा चेंडू दाबत बसला होता, ओलीटाकडून बोटांना तेल चोळून घेत होता आणि मनातल्या मनात स्वतःला थेरडा म्हणत होता. त्याने पिस्तूल जपून कापडावर ठेवलं.

"केंड्रा, पोरी, उत्तम निवडलंस," तो म्हणाला. "आता जरा बाहेर थांबतेस? मला या माणसाशी बोलायचंय."

केंड्राने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि ती गाडीत जाऊन बसली. हॉइटने तिचं पिस्तूल खणात ठेवून कुलूप लावलं, दारावरची पाटी उलटी केली आणि स्टूल पुढे सरकवलं. वर्लन बसला नाही.

"तू माझ्याशी खोटं बोललास."

"हो."

"स्लाइडच्या स्प्रिंगा?"

"मी बदलल्या. तुला दाखवायच्या प्रत्येकात घट्ट बसवल्या. चापाचंही तेच."

"का रे? मी तुझं काय वाकडं केलं होतं?" वर्लनचा आवाज चढला. "माझे हात गेले असं मला वाटत राहिलं, लेका. बरणीचं झाकण उघडताना मी ओलीटाची नजर चुकवतो. आणि तू इथे बसून मजा बघत होतास?"

"मजा?" हॉइट म्हणाला. त्याने चष्मा काढला आणि डोळे चोळले. "ईस्टरच्या रविवारी तुझं पिस्तूल मला चर्चमध्ये सापडलं. पुरुषांच्या संडासात, फ्लशच्या टाकीवर ठेवलेलं. गोळी भरलेली. बाहेर बालवर्ग सुटत होता, वर्लन. माझ्या मागे दारात पाच वर्षांचा पोरगा उभा होता, त्याला शू लागली होती."

"खोटं. मी असं कधी करणार नाही. मी लोकांना शिकवतो."

"त्याआधी एकदा पेंडीच्या दुकानात काउंटरवर विसरला होतास. ते ओलीटाने परत आणलं."

वर्लन आठवायला लागला. ईस्टरचा रविवार. गाणी आठवली, हॅमची मेजवानी आठवली, ओलीटाचा पिवळा ड्रेस आठवला. संडास आठवेना. तो त्या दिवसाभोवती फिरून फिरून बघत होता आणि मध्ये एक जागा होती जिथे काहीच नव्हतं. त्याला भीती वाटली. भीती वाटली म्हणून तो आणखी चिडला.

"समज झालं असेल. मग तोंडावर सांगायचंस. चाळीस वर्षं मी पगाराच्या दिवशी या दुकानात येतोय, मला खरं ऐकवण्याएवढीही तुझ्यात हिंमत नाही? बायकोच्या आणि तुझ्या मध्ये मी काय कुक्कुलं बाळ आहे? ट्रक गॅरेजमध्ये पडलाय तोही त्यातलाच ना? माणसासारखं समोर बसवून सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं," हॉइट म्हणाला.

"काय?"

"सांगितलं होतं तुला. दोनदा. याच स्टुलावर बसवून. पहिल्यांदा मे महिन्यात. तू एवढासा झालास, रडलास, म्हणालास, हॉइट, बरं केलंस, ते तुझ्याकडेच ठेव. पुढच्या आठवड्यात घंटी वाजली आणि तू दारात. म्हणे, खिशात मावेल असं, भरवशाचं काहीतरी दाखव. मला वाटलं चेष्टा करतोयस. ऑगस्टमध्ये पुन्हा सांगितलं. पुन्हा तू पहिल्यांदाच ऐकल्यासारखा रडलास. दर वेळी तुला ते नव्याने लागतं, वर्लन. तिसऱ्यांदा माझ्याने होईना. म्हणून मी स्प्रिंगा बदलत बसलो."

वर्लन स्टुलावर बसला. बाहेर केंड्राने गाडीचा हीटर लावला होता, काचेवर वाफ धरली होती. वर्लनने हात उघडून बघितले, दोन्ही बाजूंनी. हात ठणठणीत होते.

"म्हणजे हे तिसऱ्यांदा," तो म्हणाला.

"हो."

"आणि पुढच्या आठवड्यात मी परत येणार."

"येतोस तू. बहुतेक गुरुवारी."

"मग ऐक." वर्लनने स्टूल काउंटरजवळ ओढलं. "मला पुन्हा सांगू नकोस. काही झालं तरी सांगू नकोस. स्लाइड घट्ट आहे म्हण. माल आला नाही म्हण. आणि केंड्राला देतोस तसली माझ्यासमोर ठेवू नकोस, मागे ठेव."

"तू शिव्या देशील मला."

"देईन. खूप देईन."

"देतोसच."

"तुला येईल का ऐकून घेता?"

हॉइटने चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्याची सवय झालीय," तो म्हणाला. "आज ओलीटाला फोन करून न्यायला बोलावू, की एकटाच चालत जाशील?"