तीनदा विचारायचं असतं

आर्विल स्टिडमला त्या रविवारी बोलायचंच होतं. ओमाला जाऊन वर्ष झालं होतं, तिची ही पहिली स्मरणसभा, आणि बायकोच्या नावाने नवऱ्याने उपदेश करू नये तर कुणी करावा? अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरातल्या छोट्या ख्रिस्ती देवळांतून तो तीस वर्षं उपदेशाला उभा राहत आला होता. इथे उपदेश चालीवर, गाण्यासारखा करत; आठ दिवस कोंबड्यांना दाणे टाकताना तो वाक्यं घोळवत होता.

मंडळीचा रिवाज साधा होता. सभा चालवणाऱ्याने नाव पुकारायचं. ज्याचं नाव आलं त्याने बसल्या जागी मान खाली घालून म्हणायचं, "मी पात्र नाही, माझ्याहून चांगले बंधू बसलेत, त्यांना उठवा." पुन्हा हाक, पुन्हा नकार. तिसऱ्या हाकेला उठायचं. पहिल्याच हाकेला जो उठेल तो फुगलेला, असं बायका पुढे वर्षभर बोलत. आर्विलचा नकार तर पाच-सहा खोऱ्यांत नावाजलेला. त्याचा आवाज असा कापायचा की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आधीच रुमाल काढून ठेवायच्या.

सभा चालवत होता बर्ल कॉडिल, ओमाचा धाकटा भाऊ.

गीत संपलं. बर्ल म्हणाला, "बंधू आर्विल, उठून दोन शब्द बोलाल?"

आर्विलने मान खाली घातली. "मी पात्र नाही. मी धुळीतला किडा. माझ्याहून चांगले बंधू..."

"बरं," बर्ल म्हणाला. "बंधू म्हणतात ते पात्र नाहीत. बंधू खोटं कशाला बोलतील? बंधू हायरम, तुम्ही उठा."

हायरमने 'मीही पात्र नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. न जाणो, बर्ल त्याचंही खरं धरायचा.

"बर्ल!" बायकांच्या बाजूने म्हातारी अर्मिंटा ओरडली. "तीनदा विचारायचं असतं, मेल्या!"

"आत्या, उत्तर एकदाच मिळालं. पुरे झालं."

आर्विलच्या कानशिलांना आग लागली. तो उठला. "मला बोलायचंय," तो म्हणाला, आणि बाकांवर कुजबूज झाली. असं या देवळात कुणी कधी म्हटलं नव्हतं. "ती माझी बायको होती."

"आता पात्र झालात? एवढ्यात?"

"देवाच्या घरात वैर काढू नकोस, बर्ल."

"वैर!" बर्ल व्यासपीठावरून उतरून दोन पावलं पुढे आला. "दाजी, दारू पिऊन तुम्ही माझ्या बहिणीचा हात मोडलात, हे मला कुणी सांगितलं? तिने नाही. तुम्ही. याच जागी उभं राहून, चालीवर, रडून. मग दरवर्षी तेच. लोकही रडायचे. सभा सुटली की सगळे रांगेने येऊन तुमचा हात हातात घ्यायचे. केवढा नम्र माणूस! ओमा त्या खिडकीपाशी बसलेली असायची. तिचा हात कुणी धरला? मोडला तिचा होता ना!"

"मी पाप कबूल केलं..."

"मिरवलंत. घोडा मिरवावा तसं." बर्लने व्यासपीठाकडे बोट केलं. "तरी बोला. माझी एकच अट. ओमाबद्दल एक गोष्ट सांगा जिच्यात तुम्ही नाही. एक सांगा आणि मग दिवस मावळेपर्यंत बोला. मी स्वतः पाणी आणून देईन."

"ती माझ्यासाठी..." आर्विल थांबला. "तिने मला..." पुन्हा थांबला. आठ दिवसांची वाक्यं एकेक करून पुढे आली आणि प्रत्येकात तो स्वतः हात जोडून उभा होता. कुणाच्या तरी मांडीवरचं मूल कुरकुरलं, आईने त्याला गप्प केलं.

"ती वादळाला घाबरायची," तो एकदम म्हणाला. "फार घाबरायची. वीज कडाडली की घरात बसवत नसे. उठून पडवीत जाऊन बसायची."

बर्ल हसला. ते हसणं चांगलं नव्हतं. "घाबरायची? वादळाचं वेड होतं तिला लहानपणापासून. आई हाका मारमारून दमायची, ही भिजत बसायची. घाबरलेला माणूस कधी बाहेर जाऊन बसतो होय?"

छत्तीस वर्षं आर्विलने पलंगावरून ती पाठ पाहिली होती. एकदाही उठून दारापर्यंत गेला नव्हता. तो बाकावर बसला. हायरम उठला, कसाबसा बोलला, थोडक्यात आटोपलं.

बाहेर झाडाखाली जेवणाची पानं मांडली होती. आर्विलने पायरीवर बर्लला गाठलं. या वेळी त्याची मान खाली नव्हती.

"आणखी काय आवडायचं तिला? सांग मला."

"तुम्हाला सांगू?" बर्लने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे पुढच्या वर्षी तेही चालीवर घालाल आणि लोकांना रडवाल." आणि तो घेवड्याच्या पातेल्याकडे निघून गेला.

नाही रे, असं नाही करणार, हे शब्द आर्विलच्या ओठांपर्यंत आले होते. पण ओली पडवी, विजेच्या उजेडातली बाई, आणि आत पलंगावर पडून काहीच न कळलेला अभागी नवरा: पहिलं वाक्य मनात जुळलं होतं, आवाज कुठे कापवायचा तेही ठरलं होतं. त्याने ओठ मिटले.