अंगाऱ्याला न जुमानणारा चाकवत

धुळाजीबाबांच्या अंगाऱ्यानं रामकिसनच्या गव्हातलं तण मान टाकून पडलं आणि सगळं गाव बांधावर लोटलं. कुणी नारळ फोडत होतं, कुणी तणाची पिवळी पानंच कपाळाला लावत होतं. बाबा मूठ नाचवत ओरडत होते, "तण जळ, मूळ गळ, दुष्टाचं डोळं तळ!"

हे दुष्टाचे डोळे मालनबाईचे, असं बाबांचं म्हणणं. गर्दीच्या कडेला उभी राहून ती ऐकत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. दुष्काळात तिच्या विहिरीनं तळ गाठलेला. उपसा सिंचन सोसायटीच्या पाण्यावर गहू कसाबसा तगलेला. सोसायटीनं सगळ्यांच्या गव्हावर तणनाशक मारलं, पाठोपाठ कडाक्याची थंडी पडली आणि तण काही मरेना. विधवा बाई रोज बांधानं हिंडते, तिचीच नजर लागली, असा निकाल बाबांनी दिला. सोसायटीचा चेअरमन रामकिसन त्याच दिवशी तिची पाण्याची पाळी बंद करून मोकळा झाला. मग बाबांनी रानोरान अंगारा उधळला, ऊन तापायला लागलं आणि तण वाळलं. चमत्काराला आणखी काय लागतं?

"बाबा, माझ्या रानात बी अंगारा टाकलता ना?" मालनबाईनं विचारलं.

"टाकला की! दोन मुठी जास्तीच. नजरेचं मूळच तिथं हाय."

"मग चला, बघू."

तिचं रान शेजारीच होतं. गव्हातलं तण वाळलेलं, पण बांधालगतच्या पट्टीत चाकवत, तोही तणच, गुडघाभर वाढलेला. पानापानावर अंगाऱ्याची राख, तरी गडी हिरवागार.

"ह्यो कावून मेला न्हाई?"

"इथं नजर लई घट्ट हाय!" बाबांनी डोळे फिरवले.

"नजर न्हाई, बाबा. मला चाकवताची भाजी लागती. म्हणून ह्या पट्टीत मी औषध मारूच दिलं न्हाई."

लोकांत खसखस पिकली. मालनबाई रामकिसनकडे वळली. "चेअरमन, तुमच्या खालच्या कोपऱ्यात बी तण डुलतंय. तिथं कुणाची नजर?"

रामकिसननं मान खाजवली. "तिथं... पंपातलं औषध संपलतं."

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिवकन्याबाई मोठ्यानं हसल्या. "अहो, थंडीत तणाची वाढच मंदावते. औषध पानात शिरलं तरी मुळापर्यंत सावकाश पोचतं. ऊन वाढलं, तण वाढीला लागलं आणि औषधानं आपलं काम केलं. बाबांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या."

"मला बीडची यष्टी गाठायचीय," म्हणत बाबांनी झोळी उचलली. त्यांना कुणी अडवलं नाही.

रामकिसन खाली बघत म्हणाला, "मालनबाई, आजपासून पाणी घ्या."

"घेते. पण नजर लावणारी बाई म्हणून माझं नाव चारचौघांत घेतलंत, आता चारचौघांतच सांगा."

"नजर-बिजर काय न्हवती," तो पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"नजर न्हवती!" चेअरमन ओरडला.

"असं! दादांनो, तण मेलं तिथं नारळ फोडलेत. त्याआधी मेलं न्हाई तिथं जाऊन बघितलं असतं, तर नारळ बी वाचले असते आन् माझ्या गव्हाला पाणी बी लवकर मिळालं असतं." आणि खोरं उचलून ती पाणी धरायला निघाली.