पप्पांच्या पापण्या

सहादू पगारे यांच्या पापण्या पन्नाशीनंतर खाली यायला लागल्या आणि साठीपर्यंत इतक्या उतरल्या, की समोरच्याला वाटे माणूस बसल्या जागी झोपला आहे. अंबडच्या कारखान्यात ते तीस वर्षं स्टोअरकीपर होते. शेवटच्या दोन वर्षांत ड्यूटीवर झोपल्याबद्दल त्यांना तीन मेमो मिळाले, आणि तिन्ही वेळा त्यांनी त्याच अर्धमिटल्या डोळ्यांनी कुठल्या रॅकवर किती नट-बोल्ट आहेत ते साहेबांना तोंडपाठ म्हणून दाखवलं. विहारात मात्र या पापण्यांना फार मान होता. "पगारे काका ध्यानाला बसले की दोन मिनिटांत खोल जातात," असं लोक म्हणत. काका त्या पापण्यांच्या आडून दाराकडे पाहत असत, आज कोण कोणाच्या चपला घालून जातंय ते.

त्यांची मुलगी संजना पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. मागच्या दिवाळीत तिला पाहायला पहिलं स्थळ आलं. मुलाचे काका चाळीस मिनिटं आपल्या घराण्याबद्दल बोलले. एवढं सगळं मन लावून ऐकणारा त्या खोलीत एकच माणूस होता, तो म्हणजे पप्पा. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण वडील दुपारचीच घेतात का?"

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही त्याच्याबद्दल हे! संजनाची आई शकुबाई दोन दिवस त्या मध्यस्थाचा उद्धार करत होती. पप्पांनी फक्त विहारात जायचं बंद केलं. संजनाला स्थळ गेल्याचं तिळमात्र वाईट वाटलं नाही, पण रविवारी सकाळी पप्पा कपडे करून पुन्हा खुर्चीत बसलेले तिला बघवत नसत. मुलगा कसा का असेना, पप्पांना हसणाऱ्या घरात जायचं नाही, एवढं तिनं मनाशी ठरवून टाकलं आणि त्यांना नेत्रतज्ज्ञ डॉक्टर प्रतिभांकडे नेलं.

डॉक्टरांनी बोटानं पापणी वर धरली. "पापणी उचलणारा स्नायू सैल झालाय. छोटं ऑपरेशन आहे. तुम्हाला कसं दिसायला हवंय?"

"ऐकतोय असं दिसायला हवंय," पप्पा म्हणाले.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी बजावलं, "सुरुवातीला पापण्या जरा जास्तच वर राहतील. झोपेतही पूर्ण मिटणार नाहीत. डोळे कोरडे पडतील, दर दोन तासांनी थेंब टाका. महिनाभर घरात काही कार्यक्रम ठेवू नका."

पण दहाव्याच दिवशी नामपूरच्या एका मामांचा फोन आला: भाच्याला घेऊन रविवारी येतो. शकुबाईंनी हो म्हणून टाकलं. पप्पांच्या तर हे पथ्यावरच पडलं. एवढे टक्क उघडे डोळे पुन्हा मिळायचे नाहीत, असा त्यांचा हिशोब. मात्र धास्तीनं शुक्रवारी आणि शनिवारी त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी चारला पाहुणे आले. जयभीम झाले, पोहे झाले. मुलगा बुद्धभूषण पप्पांशेजारी दिवाणावर बसला आणि मामा समोरच्या खुर्चीत. जाड भिंगांच्या चष्म्यामागून पप्पांचे डोळे बशीएवढे दिसत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीवर मामांची अढळ श्रद्धा होती.

"आमना भूषण अंबडमा मॅनेजर शे," त्यांनी सुरुवात केली.

पप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. पाहतच राहिले.

"म्हंजे... असिस्टंट मॅनेजर शे."

पप्पांची पापणी लवली नाही. मामांनी रुमाल काढला.

"सुपरवायझर शे, भाऊ! घ्या, खरं सांगी टाकं."

पुढे सगळं याच वाटेनं गेलं. स्वतःचा फ्लॅट दोन मिनिटांत भाड्याचा झाला. तिशीच्या आतला मुलगा तेहेतीस पूर्ण निघाला. शकुबाई नवऱ्याकडे कौतुकानं बघत होत्या. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस एवढा करारी असल्याचं त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

संजनाची नजर मात्र पप्पांच्या खालच्या ओठावर गेली. तो हळूच फुगला आणि बसला. पुन्हा फुगला. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं: यानंतर घोरणं येतं. पप्पा उघड्या डोळ्यांनी गाढ झोपले होते आणि हातातली चहाची कपबशी कलंडायला लागली होती. उठून धावावं, तर मामांचं लक्ष तिकडेच जाणार.

तेवढ्यात बुद्धभूषणनं, मामांकडे बघत असतानाच, पप्पांच्या हातातली कपबशी अलगद काढून टीपॉयवर ठेवली. पहिलं घोरणं आलं तसा त्याला एवढा मोठा ठसका लागला की शकुबाई पाण्यासाठी पळाल्या.

संजना टीपॉयवरची बाटली उचलून उठली. "पप्पा, थेंबांची वेळ झाली," असं म्हणत तिनं त्यांचा खांदा दाबला.

मामा तेव्हा हात जोडून म्हणत होते, "आमले काय बी नको, भाऊ. विहारमा साधं लगीन करू."

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" पप्पा दचकून म्हणाले.

मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एवढं लक्ष देऊन ऐकणारा माणूस आपण नामपूरच्या कांदा मार्केटातसुद्धा पाहिला नाही, हे त्यांनी शकुबाईंना दोनदा सांगितलं.

दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं, तेव्हा संजनानं सरळच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"असिस्टंट मॅनेजरच्या वेळी."

"मग बोलला का नाहीत?"

"मामा आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होता," बुद्धभूषण म्हणाला. "म्हटलं, काकांना उठवू नये." मग त्यानं आत दिवाणाकडे पाहिलं. "आणि काका दमलेले दिसत होते."

पाहुणे गेल्यावर पप्पा तिच्याजवळ येऊन उभे राहिले. चेहरा एवढासा झालेला.

"संजू, मला मधलं काही आठवत नाही गं. मी झोपलो होतो का? पुन्हा माझ्यामुळे..."

"मला मुलगा पसंत आहे, पप्पा."

"अगं, पण तो करतो काय?"

"सुपरवायझर आहे. भाड्यानं राहतो. तेहेतीस पूर्ण."

"हे कोणी विचारलं त्यांना?"

"तुम्हीच." संजना हसली, आणि मग तिनं त्यांना कपबशीचं सांगितलं.

पप्पा बराच वेळ त्या टीपॉयवरच्या कपबशीकडे बघत राहिले. सहाचे थेंब टाकायला संजना बाटली घेऊन आली, तेव्हा तिनं त्यांचा चष्मा काढला, भरून आलेल्या डोळ्यांत पाहिलं आणि बाटलीला टोपण लावून टाकलं.