छपरावरचा बर्फ

“बर्फ रंगवायचा नसतो गं, सोडायचा असतो. आजूबाजूचं रंगव, तो आपोआप पडतो.”

बाबांचा आवाज कानात होता, तरी ताईने पांढऱ्या रंगाची ट्यूब पिळलीच. चित्रातल्या छपरावर रंगाचा आणखी एक हात चढला. जुन्या कॅलेंडरावरून उतरवलेलं जपानी देऊळ होतं ते. कोपरे वर वळलेलं छप्पर, मागे काळपट देवदार, आणि सगळीकडे बर्फ. त्याच्या रेषा बाबांनीच आखल्या होत्या. रंगाला हात लावायच्या आत ते कोसळले. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस आता इस्पितळात यंत्राच्या श्वासावर पडून होता.

धडधाकट असताना, ब्रश धुता धुता ते तिला म्हणाले होते, “मला नळ्यांत अडकवू नका. घरी आणा, खिडकीपाशी झोपवा. तुला सांगतोय, धाकट्याला ऐकवणार नाही.” तिने देवापुढे करावं तसं कबूल केलं होतं. पण यंत्र लावायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिच्याच तोंडून निघालं, “लावा.”

चित्र पुरं झालं की धाकट्याशी बोलू, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आणि चित्र काही पुरं होत नव्हतं.

दुपारी धाकटा भाऊ इस्पितळातून आंघोळीला म्हणून घरी आला. टॉवेल खांद्यावर टाकून तिच्या मागे उभा राहिला.

“ताई, हे देऊळ आहे की दाढीला साबण फासून बसलेलं गिऱ्हाईक?”

तिला हसू फुटलं. अगदी बाबाच बोलले. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“तेच. यंत्र आहे तोवर. बाकी काही उरलं नाही म्हणतात.” त्याने टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं. “मी म्हटलं, राहू द्या. असू दे की लावलेलं. आपलं काय जातंय?”

थरावर थर देऊन छप्पर मळक्या चुन्यासारखं झालं होतं. तिने कापसाचा बोळा भिजवला आणि पांढरा रंग हलक्या हाताने उचलायला घेतला. कागद जरासा खरवडला, पण खाली बाबांची रेष जशीच्या तशी होती. मग मागच्या देवदारांचा गडद रंग तिने त्या रेषेपर्यंत आणला आणि हात थांबवला.

छपरावर बर्फ पडला होता.

“धाकट्या, बाबांना घरी आणायचंय. त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.”

“कधी?” त्याचा आवाज चढला. “मग तेव्हा ‘लावा’ कशाला म्हणालीस?”

“सोडवेना रे.”

बाथरूममध्ये बादली भरून वाहू लागली होती. तो जाऊन नळ बंद करून आला.

ताईने बाबांच्या पलंगावरची चादर बदलली आणि पलंग खिडकीकडे ओढू लागली. एकटीला तो सरकेना. तेव्हा त्याने दुसरं टोक उचललं.

चित्र अजून ओलं होतं. वाऱ्याने उडू नये म्हणून तिने कागदाच्या कोऱ्या कडेवर ब्रशांचा डबा ठेवला, उशाशी बाबांची कानटोपी ठेवली आणि चपला पायांत सरकवल्या.