पाहुण्यांचं पाणी

माझे दात लहानपणापासून तपकिरी आहेत. तंबाखू-सुपारीचा खर्रा मी जन्मात तोंडात धरला नाही, पण हे आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात कुणाला पटवून दाखवा. एमएस्सी होऊन औषध कंपनीत मुलाखतीला गेलो, तर साहेबांनी पहिला प्रश्न खर्र्याचाच विचारला. त्या रागात मी पीएचडीला अर्ज केला. विषय घेतला आमच्या गावच्या हातपंपाच्या पाण्यातलं, दात डागाळणारं फ्लोराइड. ते जास्त निघालं, तर पंपाचं पाणी पिणं बंद होऊन गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र मिळणार होतं.

शेजारच्या गुणाबाईला मी मोठीमाय म्हणतो. दर सोमवारी पंपावरून एक बाटली भरून ठेवायचं काम तिच्याकडे दिलं. महिन्याने बाटल्या प्रयोगशाळेत तपासल्या. फ्लोराइड नावाला.

"नागसेन, पाणी तर अमृत आहे," माझे पीएचडीचे मार्गदर्शक सर म्हणाले. "खरं सांग, खर्रा कधीपासून?"

अहवाल पुढे सरकारकडे गेलासुद्धा. मी तडक गाव गाठलं.

"मोठीमाय, बाटल्या कुठून भरल्या?"

"फिल्टरच्या पाण्याच्या कॅनातून. भद्रावतीवरून मुद्दाम आणला."

"काऊन?"

"पंपाच्या पाण्यानं दात खराब होतेत, तुले मालूम नाई काय? तसलं पाणी तुह्या साहेबायले कसं पाठवू? गावाची इज्जत हाय का नाई?"

म्हणजे माझा शोधप्रबंध तिला आधीपासून तोंडपाठ होता. डोकं धरून बसलो.

नवे नमुने स्वतःच्या हाताने भरले. फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीवर निघालं. सर म्हणाले, आधीचा अहवाल चुकला असं लिहून दे, पीएचडीची नोंदणी सहा महिने पुढे जाईल. लाज वाटली, पण दिलं लिहून.

वर्षभराने यंत्र आलं. मी ऐटीत गावी गेलो. गुणाबाईच्या घरात यंत्राच्या पाण्याची कळशी झाकून ठेवलेली, आणि ती स्वतः प्यायला, धोक्याचा लाल रंग फासलेल्या पंपावरून बादली घेऊन येत होती.

"आता काऊन?" मी ओरडलोच.

"ते पाहुण्यायसाठी हाय. तू बस, तुले देतो."

तिने पेला भरून दिला. मी तो तिच्यापुढे सरकवला.

"आधी तू पे. तू नाई पेलीस, तर मीबी पेत नाई."

दारात आलेला पाहुणा तहानलेला कसा ठेवणार? गुणाबाई चिडली, पुटपुटली, आणि प्याली.