दोर कुणाचा?

आपल्यावर ठपका आलेला नाही एवढं कळलं, की माणसाला भूक कडकडून लागते. त्या शनिवारी संध्याकाळी अन्सेल्मो तवारेसनं पाल्याचं आणि सॉसेजचं सूप पुन्हा पुन्हा वाढून घेतलं, पावाचा मोठा तुकडा मोडला आणि समाधानानं म्हणाला, "चला, सुटलो! दोर आपल्या बंदरातला नाही."

समोर त्याची थोरली बहीण ओलिंडा बसली होती. तिचा वाडगा तसाच होता.

झालं असं होतं, की विट्स कोव्ह या त्यांच्या मासेमारी बंदराच्या वाळूवर त्या आठवड्यात एक देवमाशाची मादी मरून लागली होती. जबड्यातून गेलेला दोर परांना आवळत शेपटीपर्यंत पोचला होता आणि मांसात रुतून बसला होता. अशा दोरासकट ती कित्येक महिने पोहत असणार, असं बघायला आलेले लोक म्हणाले. दोर शेवंड, म्हणजे लॉबस्टर, पकडायच्या पिंजऱ्यांचा होता, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. पिंजऱ्यांची माळ समुद्राच्या तळाशी बसते, पाण्यावर बोया तरंगतो आणि दोघांना जोडणारा दोर पाण्यात उभा राहतो. सगळ्या उपसागरात अशा उभ्या दोरांचं रान माजलेलं असतं. त्यात हे भलंमोठं जनावर तोंड उघडं टाकून चरत चालतं. त्या जातीचे देवमासे आता जगात जेमतेम काही शे उरलेत.

दोरावर बंदराबंदराच्या रंगांच्या खुणा असतात. पण या दोराच्या खुणा घासून पार गेल्या होत्या. मत्स्यखात्याच्या अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "कुणाचा ते सांगता येत नाही." आता धक्क्यावर 'सांगता येत नाही'चं 'आपला नाही' व्हायला किती वेळ लागतो? एक कप कॉफी संपायला लागतो तेवढाच!

"तुला आनंद झालाय," ओलिंडा शेवटी म्हणाली.

"होणारच! कुणाच्या तोंडाला काळं लागलं नाही. आयुष्य गेलं माझं या पाण्यात. माझ्या दोरात कधी देवमासा अडकला नाही."

"तुझ्या माहितीप्रमाणे."

"ओलिंडा, जेवताना नको."

ओलिंडा ऐकणाऱ्यातली नव्हती. तिनं उभी हयात शाळेची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर, नवरा गेल्यावर, घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून ती भावाच्या बोटीवर खलाशी झाली. आमिष भरायचं, पिंजरे रचायचे, शेवंडांच्या नांग्यांना रबर लावायचं, सगळं ती करायची. "बसमधल्या पोरांपेक्षा शेवंड गुणी," असं ती येता-जाता म्हणायची.

"माझ्या बसनं कधी एका पोराला धक्का लावला?" तिनं विचारलं.

"छे!"

"तरी रोज बस सुरू करायच्या आधी मी खाली उतरून भोवती फेरी मारायचे. पाऊस असो, बर्फ असो. का? मी गुन्हेगार होते म्हणून?"

"पोरं लहान असतात. चाकाखाली दिसत नाहीत. देवमासा काय लहान आहे?"

"तो मोठा आहे, पण त्याला दोर दिसत नाही. अरे राजा, फेरी आपण आधी मारायची असते. नंतर खाली वाकून 'हे चाक माझं नव्हतं' म्हणण्यात काय अर्थ?"

अन्सेल्मोनं पुन्हा चमचा उचलला. पण सूप त्याला एकदम गार वाटायला लागलं.

पुढच्या आठवड्यात देवमाशांवर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेची मिरियम धक्क्यावर आली. तिच्या गाडीत पिवळ्या पेट्या होत्या. पेटीत दोर आणि बोया दोन्ही भरायचे, आणि पेटी पिंजऱ्यांच्या माळेबरोबर तळाशी सोडून द्यायची. वर काहीच नाही. उचलायच्या वेळी बोटीवरून पाण्यात आवाजाची खूण सोडायची. खटका उघडतो, बोया दोर घेऊन वर येतो. पाण्यात दोर उभा राहतो तो तेवढाच वेळ. "वापरून बघायला देते," ती म्हणाली. "चांगलं चाललं तर चांगलं सांगा, वाईट चाललं तर वाईट सांगा. मला दोन्ही हवंय."

जमलेले मच्छीमार आपापल्या बुटांकडे बघायला लागले. पहिला बोलला क्लेटन, बंदरातल्या बोटी हाकणाऱ्यांतला सगळ्यात तरबेज तांडेल आणि सगळ्यात तिखट जिभेचा.

"म्हणजे आता शेवंडांना फोन करून वर बोलवायचं! आणि त्यांनी उचललाच नाही तर?"

हशा पिकला. अन्सेल्मोही हसला. तेवढ्यात मागून आवाज आला, "आमची बोट करेल."

"बोट माझी आहे!" अन्सेल्मो ओरडला.

"बोट तुझी, हात माझे," ओलिंडा शांतपणे म्हणाली. "उद्यापासून आमिष क्लेटनकडून भरून घे."

"मला मध्ये ओढू नका," क्लेटन म्हणाला. "तिला घाबरून माझी दोन्ही पोरं बसमध्ये तोंड उघडत नसत."

अशा रीतीनं, मनाविरुद्ध, चारचौघांत लाजेकाजेस्तव, अन्सेल्मो पेट्या घेऊन घरी आला.

पहिली चाचणी जानेवारीतल्या एका स्वच्छ सकाळी झाली. माळ दोन दिवसांपूर्वी बंदराच्या तोंडाशी सोडली होती. मिरियम बोटीवर होती. गंमत बघायला क्लेटन आणि आणखी दोघे आपापल्या बोटी घेऊन आले होते. अन्सेल्मोनं बटण दाबलं. सगळ्यांचे डोळे पाण्यावर लागले. पाणी जसंच्या तसं! पुन्हा दाबलं. एक समुद्रपक्षी तेवढा वर आला, तोंडात मासा घेऊन.

वायरलेसवर क्लेटनचा आवाज घुमला, "काय रे अन्सेल्मो, पलीकडून कोणी उचलत नाही का? निरोप ठेव!"

बोटीबोटींवर खिदळणं चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर अन्सेल्मोच्या मनातही गुदगुल्या होत होत्या. फसलं! आता ही पेटी गाडीत जाईल, गाडी संस्थेत जाईल आणि आपण आपले मोकळे. त्यानं तोंड मात्र दुःखी केलं आणि तळाशी गळ टाकून माळ ओढून काढली.

पेटी फळीवर आली. मिरियमनं खटका तपासला. तो व्यवस्थित उघडला होता. मग बोया का अडकला? तिनं झाकण वर केलं. आत दोराची गिचमीड होती, आणि तिच्या खाली बोया गच्च दबलेला.

"वाटेत हिंदकळून गुंतला असेल," मिरियम हळूच म्हणाली. "आमचीच रचना सुधारायला हवी. तसं कळवते मी."

अन्सेल्मो दोराकडे बघत राहिला. दोर हिंदकळून गुंतला नव्हता. तो त्यानंच तसा कोंबला होता. स्वतःचा दोर तो वेटोळ्यावर वेटोळं ठेवून असा बसवायचा, की अंधारातही सरसर सुटावा. बापानं शिकवलेलं होतं ते. पण हा दोर भरताना त्याच्या हातांनी काम कसंबसं उरकलं होतं. 'चाललं तर चाललं' म्हणत नव्हे, 'न चाललं तर बरं' म्हणत!

ओलिंडानं ते ओळखलं होतं. ती बघत होती, पण बोलत नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं, तो चिडून काहीतरी म्हणाला असता आणि विषय संपला असता. आता गप्प राहणं किती सोपं होतं! ठपका पेटीवर गेला असता. बंदर खूश झालं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

दोर कुणाचा, हे सांगता येत नाही!

ते शब्द मनात आले मात्र, आणि अन्सेल्मोला वाळूवर पडलेली ती मादी दिसली. तिच्या जबड्यात रुतलेला दोरही कुणीतरी एके दिवशी घाईत, बेफिकिरीनं पाण्यात सोडला असेल. आणि तो माणूसही आपल्यासारखाच घरी जाऊन पोटभर जेवला असेल!

त्यानं वायरलेस उचलला.

"ऐका सगळे. यंत्राचा दोष नाही. दोर मी भरला होता. वाईट भरला. जाणूनबुजून वाईट भरला असं नाही म्हणणार मी, पण मनापासूनही भरला नव्हता. दोर माझा, चूक माझी. परवा पुन्हा टाकतोय."

वायरलेसवर खरखर झाली. मग क्लेटन म्हणाला, "हे सांगायची काही गरज नव्हती, बाबा." या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

ओलिंडानं थर्मासमधली कॉफी ओतून भावाच्या हातात दिली. "घे. थंडी वाजत असेल," एवढंच म्हणाली.

पुढच्या खेपेला बोया आला. फसफसत, उसळी मारून, पिवळाधम्मक वर आला, आणि अन्सेल्मो तवारेस, साठीला टेकलेला माणूस, टाळ्या वाजवायला लागला!

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. वर बोया नाही म्हटल्यावर खाली माळ आहे हे दुसऱ्याला कळणार कसं? क्लेटननं आपले पिंजरे नेमके अन्सेल्मोच्या माळेवर टाकले आणि दोन्हींचा असा गुंता झाला, की तो सोडवताना दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरल्या.

"तुझे पिंजरे म्हणजे भुतं झालीत! दिसत नाहीत, पण पाय ओढतात!" क्लेटन ओरडला.

तक्रार खरी होती. अन्सेल्मोनं ती मिरियमला जशीच्या तशी सांगितली. तिनं बोटीवरच्या पडद्यांवर माळेची जागा दिसेल अशी सोय केली. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांच्यासाठी अन्सेल्मो रोज सकाळी वायरलेसवर आपल्या माळांच्या जागा वाचून दाखवायचा. "रेडिओ तवारेस सुरू झाला," असं म्हणत लोक हसायचे. पण ऐकायचे आणि आपले पिंजरे बाजूला टाकायचे.

मग फेब्रुवारी आला. देवमासे उपसागरात यायचा काळ, म्हणून दरवर्षीप्रमाणे मासेमारी बंद झाली. सगळ्यांचे दोर, बोये, पिंजरे अंगणात येऊन पडले. पाण्यात उभा दोर न ठेवणाऱ्या, चाचणीतल्या बोटींनाच तेवढी परवानगी मिळाली. वसंत लागेपर्यंत बोट रंगवून रंगवून क्लेटन कंटाळला. एका सकाळी तो धक्क्यावर येऊन उभा राहिला.

"येतो तुमच्याबरोबर. तुमच्या चुका काढायला."

"ये," ओलिंडा म्हणाली. "चुका काढताना हात रिकामेच असतील. आमिष भर."

धुकं हळूहळू विरत होतं. माळेच्या जागेपासून बोट थोडी लांब असतानाच ओलिंडानं हात वर केला. अन्सेल्मोनं इंजिन बंद केलं. शांततेत एक आवाज आला, एखाद्या दमलेल्या माणसानं सोडलेल्या निःश्वासासारखा, पण केवढा मोठा! आणि लगेच त्याच्या मागे एक छोटा, घाईतला निःश्वास.

आई आणि पिल्लू. काळी, चकाकती पाठ पाण्यावर आली. वाऱ्यावरून त्यांच्या श्वासाचा असा दर्प आला, की आमिषात हात घातलेल्या क्लेटननंही नाक धरलं. आई तोंड उघडून संथपणे पाणी गाळत चालली होती. पिल्लू मध्येच तिच्या पाठीवर चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. दोघं थेट अन्सेल्मोच्या माळेवरून निघाली होती. गेल्या वर्षी असती तर त्या वाटेवर काय उभं असतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. आज तिथं नुसतं पाणी होतं. हिरवं, मोकळं पाणी!

आईनं बुडी मारताना शेपूट वर काढलं. शेपटीच्या मुळाशी पांढरा, जाडसर वळ होता. जुन्या दोराचा.

 मग क्लेटननं टोपी मागे सरकवली. "तो वळ... कुणाच्या दोराचा असेल रे?"

"तुझ्या असेल, माझ्या असेल," अन्सेल्मो म्हणाला. "आता मला शोधायचंही नाही. ती वाचली एवढं बास."

"बटण दाब की. माळ उचलू."

"जाऊ दे त्यांना आधी. घाई कसली आहे?"

तिघं फळीवर बसले. ओलिंडानं गोड पाव काढला. आई-पिल्लाचे निःश्वास लांब लांब जात ऐकू येईनासे झाले, तेव्हा कुठे अन्सेल्मोनं बटण दाबलं. बोया वर आला. पिंजऱ्यांत शेवंड होते. भरपूर नाही, पण बरे होते. परतताना सुकाणूशी उभा असलेला अन्सेल्मो तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होता. ओलिंडानं कितीतरी वर्षांत त्याला गाताना ऐकलं नव्हतं.

धक्का जवळ आल्यावर क्लेटन घसा खाकरून म्हणाला, "त्या मिरियमला विचार, एखादी पेटी उरलीय का. मी मान्य केलंय असं समजू नका. चुका काढायच्या तर वस्तू स्वतःकडे असलेली बरी."

"दोर नीट भर म्हणजे झालं," अन्सेल्मो म्हणाला.

आज विट्स कोव्हमध्ये सगळे बदललेत असं नाही. पेटी महाग आहे, काम हळू होतं, भरतीच्या जोरात कधीमधी ती रुसतेही. काही तांडेल अजून मान फिरवतात, आणि त्यांच्या पोटापाण्याची काळजी खोटी नाही. पण पेट्या घेणारे वाढताहेत, आणि दर मोसमात मिरियम नव्या तक्रारी ऐकून नव्या सुधारणा करते आहे.

मध्यंतरी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेच्या बैठकीत कुणीतरी कुत्सितपणे विचारलं, "अन्सेल्मो, एवढा खटाटोप केलास. वाचवलेस तरी किती देवमासे?"

अन्सेल्मोनं डोकं खाजवलं. "काय सांगू? न अडकलेले देवमासे मोजायचे कसे?"

मंडळी, चांगल्या कामाचं बहुधा असंच असतं. टळलेल्या अपघाताची बातमी होत नाही. न झालेल्या जखमेचा व्रण दिसत नाही, आणि त्याबद्दल कुणी हारही घालत नाही. 'मी केलं नाही' हे वाक्य खरं असलं, तरी तेवढ्यानं आपली जबाबदारी संपत नाही. पाणी सर्वांचं, रस्ता सर्वांचा, गाव सर्वांचा. तिथं वाईट घडलं की 'दोर कुणाचा' हे विचारावंच, पण त्याआधी आपला दोर आपण स्वतःहून आवरून घ्यावा. तो आवरलेला कुणी बघितला नाही तरी चालेल. वरून जाणारा जीव सुखरूप पुढे गेला, की झालं!